बाहीतला कापूस

मुलुंगू, २६ जून १९६६

इदालिना,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग कागद बदलला. 'प्रिय' वाचलंस की तू पत्र चुलीत घालशील, आणि मला तर ते तू शेवटपर्यंत वाचायला हवं आहे.

इकडे सगळं ठीक आहे. संत जॉनचा सण झाला. पाऊस होता, तरी दारोदार शेकोट्या पेटल्या, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले आणि मक्याचे उंडे नेहमीप्रमाणे मी जास्तच केले. दाराशी सायलीसारखं पांढरं फुलणारं ते झुडूप अजून आहे. तू लावलेलं.

पत्र लिहायचं कारण सहजच. तुझ्या खोलीत जागा किती आहे? आणखी एक खाट मावते का? तुझ्या कापडाच्या कारखान्यात माणसं घेताहेत का, म्हणजे शिवणावर नाही, गठ्ठे उचलायला वगैरे? दोन्ही हात धड लागतात की एखाद्या बोटाचं चालवून घेतात, तेही विचारून ठेव.

तुझा आमारो बरा आहे. जेवतो व्यवस्थित. सध्या घरी नाही, फिलोमेनाच्या कसाव्याच्या घाण्यावर मदतीला गेलाय. या दिवसांत कसाव्याचे कंद पुष्कळ येतात ना.

हे पत्र मी इथल्या पेटीत टाकलेलं नाही. पेटी साखर कारखान्याच्या दुकानात आहे, आणि लोकांच्या पाकिटांना डिंक नीट लागलाय की नाही याची तिथल्या दुकानदाराला फार काळजी असते. ट्रकवाल्या नेलितोकडे दिलं आहे, तो शहरात टाकेल. तूही उत्तर त्याच्याच पत्त्यावर पाठव. पत्ता मागे लिहिला आहे.

सहज विचारलं. पण लवकर कळव.

ब्रिजिदा

---

मुलुंगू, ४ जुलै

इदालिना,

उत्तर एवढ्यात येणार नाही हे मलाही कळतं. तरी नेलितोचा ट्रक वाजला की मी शिवण टाकून दारात जाते. शेजारणी म्हणतात, ब्रिजिदाला या वयात ट्रकवाला आवडायला लागला. म्हणू देत. त्या हसतात तोवर बरंच आहे.

तुला इकडची बातमी दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. सणाच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मळ्यावर बाहुल्यांचा खेळ झाला. तुला आठवतोच, छिटाचा पडदा, मागे एक माणूस, आणि पडद्यावर भांडणारा कर्नल. या वेळी कर्नल उसाच्या काट्यावर उभा होता. मजुरांच्या मोळ्या टाकल्या, काटा जेमतेम हलतो. शेवटी विधवा त्याला म्हणते, "कर्नलसाहेब, तुम्हीच बसा बरं, काटा बिघडलाय का बघू." कर्नल ढेरी सावरत बसतो. काटा जागचा हलत नाही. विधवा वाकून बघते आणि म्हणते, "काटा बरोबर आहे. तुमचंच वजन उरलं नाही."

लोक चिखलात बसून हसले. आपल्या कारखान्याच्या मालकालाही कर्नल म्हणतात, आणि त्याच्या काट्याबद्दल मी तुला काय सांगावं, आपल्या बाबांनी त्यावर जन्म मोजून दिला. मागच्या बाजूला कारखान्याचा रखवालदार तिबुर्सियो उभा होता. तो हसला नाही. त्याने माणसं घेतली आणि पडदा उभा फाडला. आतला माणूस पलीकडून निसटला आणि उसात घुसला. बाहुल्यांची पेटी मात्र तशीच राहिली, ती ठाण्यात गेली.

ठाण्यात नवा सार्जंट आला आहे, प्राशेदेस. मालकाने त्याला सांगितलंय, नाव आण. तो दारोदार विचारतो, पडद्यामागे कोण होतं? लोक सांगतात, उस्ताद बिबियू, दुसरं कोण, या भागात त्यांच्यासारखं कुणी नाही. राहतात कुठे? लोक तोही पत्ता देतात. देवळामागे, भिंतीलगत, आंब्याखाली. बिचारा वही घेऊन खरंच दफनभूमीत गेला म्हणे.

मी हसले खरी, पण फार वेळ नाही. फेब्रुवारीत युनियनच्या झोझिमोला असंच एका दुपारी 'जरा बोलायचंय' म्हणून नेलं. तो अजून परतला नाही. परवा त्याची बायको त्याचा चांगला शर्ट घेऊन आली आणि म्हणाली, बाह्या लहान करून दे, थोरल्याला होईल. मी माप घेतलं. बाही कापताना कात्री चालेना.

पडद्यामागे कोण होतं ते मला ठाऊक नाही. तू विचारू नकोस.

ब्रिजिदा

---

मुलुंगू, १४ जुलै

इदालिना,

खोटं लिहिलं होतं. पडद्यामागे आमारो होता.

आता ओरडून घे. मी इथे थांबते.

झालं? मग ऐक. बिबियू उस्ताद गेले तेव्हा त्यांची पेटी त्यांनी आमारोला दिली. इथली रीत तुला माहीत आहे, नुसती पेटी मिळून कुणी उस्ताद होत नाही. जुन्या हाताचे झगे उसवायचे आणि नव्या हातावर पुन्हा बेतायचे. झगा बसला की माणूस उस्ताद झाला. ते काम माझ्याकडे आलं. तुझ्या मुलाचा हात मी माझ्या मांडीवर घेतला आणि मापं घेतली. तर्जनी बाहुलीच्या मानेत जाते, अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत. आमारोला उजव्या हाताचं मधलं बोट नाही, तेव्हा तो ती बाही अनामिकेने हलवणार. म्हणून अस्तरात ती बाही खाली उतरवली, आणि बोटाच्या रिकाम्या जागी कापूस भरला, नाहीतर कर्नलची छाती बसते. बाहेरून काही दिसत नाही. प्रत्येक झग्यात तसंच केलं. हातात कर्नल चढवला की तुझ्या मुलाला दहा बोटं असतात. त्याला त्या वेळी हसताना तू बघायला हवं होतंस.

काल सार्जंट आला. ओरडणारा असता तर मला कमी भीती वाटली असती. टोपी काढली, पाणी मागितलं, भांडं पालथं घालून परत दिलं. मग पिशवीतून कर्नल काढून माझ्या मशीनवर ठेवला. ओढाताणीत दोन्ही कुशींना उसवला होता, अस्तर लोंबत होतं.

"एवढा शिवून द्या," म्हणाला.

"कुणाच्या हाताला?" मी म्हणाले.

जीभ चावली, पण उशीर झाला होता. तीस वर्षांची सवय. बाहुली दिसली की तोंडातून तेवढंच येतं.

तो खूश झाला. "तेच मला हवंय, बाई. माझा मामा बाहुल्या नाचवायचा. झगा ज्याच्या हातावर बेतलाय त्यालाच बसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. हा तुम्हीच शिवलेला?"

गावात दुसरी कुणी शिवत नाही, उगाच नाही कशी म्हणू. बिबियू उस्तादांसाठी शिवला होता म्हणाले.

"हो, त्यांना भेटून आलो मी. थडगं छान ठेवलंय." मग जरा थांबून म्हणाला, "होता तसाच शिवा. तेवीसला, शनिवारी, भर बाजारात एकेका पुरुषाच्या हातात घालून बघणार आहे. आणि जो बाजाराला येणार नाही, त्याच्याकडे मी स्वतः जाईन."

जाताना शिपाई किरीनोला माझ्या उंबऱ्यावर बसवून गेला. कर्नलला सोबत म्हणून, असं म्हणाला. किरीनो आत्ताही तिथे बसून शेंगा फोडतोय आणि मी हे कापडाखाली धरून लिहिते आहे. त्याने विचारलं तर मापं टिपते आहे म्हणेन.

आमारोला आत्ताच तुझ्याकडे पाठवता येत नाही. नदीच्या पुलावर ट्रक थांबवून माणसं बघतात, आणि शनिवारच्या आत जो गायब होईल तोच, हे शेंबडं पोरही सांगेल. माझी पाचावर धारण बसली आहे, इदालिना. तू नऊ वर्षं माझ्याशी बोलली नाहीस तरी मला हे सांगायला तूच आठवलीस.

ब्रिजिदा

---

मुलुंगू, २० जुलै

इदालिना,

तुझं पत्र पोचलं. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. 'खाट आहे. गोदामात बोटं मोजत नाहीत. त्याला पाठव.' एवढंच. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. 'त्याला' लिहिलंस. नाव घेतलं असतंस तर कागद थोडाच जळला असता? असो. खाट आहे ना, मग बाकी नंतर.

आता काय केलं ते सांगते. 'होता तसाच' शिवला तर तो आमारोच्या हाताला बसणार आणि इतर कुणाच्या नाही. चारचौघांसारखा पाच बोटांचा शिवला तर बाजारात ज्याला पहिल्यांदा नेमका बसेल त्या बिचाऱ्याला धरणार, मग मी त्याच्या बायकोला बाह्या लहान करून देत बसू? म्हणून ठरवलं, बिबियू उस्तादांच्या हाताचा करायचा. उस्तादांचा पंजा तुला आठवतो, पाव भाजायच्या फावड्याएवढा. तेवढा रुंद केला की सगळ्यांनाच ढगळ होईल, नेमका कुणालाच नाही. शिवाय मी काही खोटं बोलले असं होत नाही. त्यांचाच होता म्हणाले, त्यांचाच आहे.

ठरवणं सोपं. करायचं किरीनोच्या डोळ्यांदेखत. दार लावून घ्यायची सोय नाही. दिवसा शिवणारणीचं दार बंद दिसलं की गल्ली समजते कुणीतरी गेलं, आणि शेजारणी सांत्वनाला येतात. मग दारातच बसले. मांडीवर फोंसेका मास्तरांच्या मुलीचा लग्नाचा झगा पसरला, ढगासारखा, आणि त्याच्या खाली कर्नल.

आधी कापूस काढायचा होता. काढून ठेवू कुठे? खाली टाकला तर वारा लगेच किरीनोकडे नेईल. मग समोर टाचण्यांची उशी होती, तिची एक शिवण सैल केली आणि चिमूट चिमूट करून कापूस तिच्यात कोंबत गेले. घाईत दोन टाचण्या बोटात गेल्या.

मधेच किरीनो म्हणाला, "मावशी, ही उशी सकाळी एवढी जाड नव्हती."

मला वाटलं संपलं. पण तोंड, देव त्याचं भलं करो, माझ्या आधी बोललं. "तुझं पोटही सकाळी एवढं नव्हतं. किती उंडे खाल्लेस मोज."

तो लाजला आणि आणखी एक उंडा घेतला. पोरगा वाईट नाही. कानाने ऐकलं ते ठाण्यात सांगणं हा त्याचा धंदा आहे, एवढंच.

त्यानंतर बाही वर चढवली, कुशी जोडल्या. कडा फार चिरफाळल्या होत्या, त्या कापून टाकाव्या लागल्या. भीतीने नीट दिसत नव्हतं, पण हात सवयीचा, तो चालत राहिला. दर शिवणीनंतर हातात घालून बघत होते, कुठे ओढतंय का, मान वाकडी होते का. आता छान बसलाय. कर्नल अगदी रुबाबात मान हलवतो. किरीनोसुद्धा म्हणाला, जिवंत दिसतो.

आज सार्जंटने नेला. उलटसुलट करून बघितला, शिवणींवरून अंगठा फिरवला. "सुबक हात आहे तुमचा," म्हणाला. मी आभार मानले. माझं पोलकं पाठीवर ओलंचिंब झालं होतं.

आमारो शनिवारी बाजारात येईल. मी त्याला सांगितलं आहे, झगा तुला होणार नाही, तू फक्त रांगेत उभा राहा आणि माझ्याकडे बघू नकोस. तो म्हणाला, "मावशी, तूच माझ्याकडे बघू नकोस. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं." आईवर गेलाय बोलायला.

ब्रिजिदा

---

मुलुंगू, २४ जुलै, रविवार

इदालिना,

हे पत्र तुला ज्याने आणून दिलं तो तुझ्यासमोर उभा असेल. त्याला आधी बसायला सांग. ट्रकमध्ये आठवडाभर फळीवर बसून आला असेल. मग दार लावून हे वाच. मोठ्याने वाचू नकोस. का ते पुढे कळेल.

काल बाजारात कसाव्याच्या पिठाच्या पोत्यांपाशी सार्जंटने टेबल टाकलं. पुरुषांची रांग मटणवाल्यापर्यंत गेली होती. मालक आला नव्हता, त्याने तिबुर्सियोला पाठवलं होतं. बायका कडेला. फिलोमेना तापिओकाची धिरडी घालते त्या चुलीआड मी उभी राहिले, म्हणजे तोंड लाल दिसलं तर जाळाने झालं म्हणता येईल.

पहिला माणूस आला, घोड्यांना नाल मारणारा. सार्जंटने कर्नल पुढे केला. माणसाने बोटं घातली आणि पेरापाशी अडकली. दुसऱ्याचंही तेच. तिसरा सडपातळ, शाळेतला शिपाई, त्याचीही अर्धीच गेली. लोक हसायला लागले. मला काही कळेना. हा तर ढगळ व्हायला हवा होता, फावड्याएवढ्या पंजाचा.

मग कळलं. तुला आठवतं, आई म्हणायची, ब्रिजिदाचे हात वाढायचे विसरले? उस्तादांचा हात डोक्यात होता, पण उस्तादांचा हात माझ्यापाशी नव्हता. माझ्यापाशी माझा होता. शिवून घालून बघते, बसला, शिवून घालून बघते, बसला. तीस वर्षं प्रत्येक बाहुली मी अशीच जोखली आहे. करायला गेले एक आणि झालं भलतंच. कर्नल मी माझ्याच हातावर बेतला होता.

आमारोचा नंबर आला. मी तापिओकाकडे बघत राहिले. त्याला झाला नाही. तो पुढे सरकला. सार्जंट त्याच्या हाताकडे बघतच नव्हता. तो चुलीकडे, माझ्याकडे बघत होता.

"बाई, तुमचा हात द्या."

अख्खी रांग वळून बघू लागली. मी गेले. पायांनी नेलं तशी गेले. त्याने कर्नल पुढे धरला आणि माझा हात आत गेला, जसा पाण्यात जातो. कर्नलने मान वर केली. माझं बोट थरथरत होतं, तर कर्नलही भर बाजारात थरथरू लागला. कुणी हसलं नाही.

मी म्हणाले, "शिवणारणीच्या हाताला सगळंच होतं, साहेब. आम्ही घालूनच बघतो."

"म्हणजे तुम्ही तो बदललात," तो म्हणाला. अगदी हळू, जसं कुणी म्हणावं की आता पाऊस पडेल. आणि त्याने टेबलाखालच्या पिशवीतून विधवा काढली.

ती न उसवलेली. ती त्याने आधीपासून बाजूला ठेवली होती. इदालिना, मला तिथेच मरण आलं असतं तर मी हू की चू केलं नसतं. तिच्या बाहीत कापूस जसाच्या तसा होता.

त्याने ती स्वतःच्या हातात चढवली. मधलं बोट कापसाला टेकलं. त्याने पुन्हा सारून पाहिलं, चाचपलं, हसला. मग उभा राहिला. "ज्याच्या हाताला बोट कमी आहे, त्याने हात वर करावा."

आमारो रांगेच्या पुढे, खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. बघायचं नव्हतं, बघितलं. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

पहिला हात वर गेला तो माझ्या शेजारी. फिलोमेनाचा. तिची करंगळी कसाव्याच्या घाण्यात गेली ते मी विसरलेच होते. सार्जंट म्हणाला, बायका नकोत. ती म्हणाली, "तुम्ही बोट विचारलंत, लुगडं नाही विचारलं." तेवढ्यात मटणवाल्याने हात वर केला. मग साखर उकळणारा म्हातारा सिरिल. मग ऊस तोडणारे, डाव्या हाताने मोळी धरतात ना, त्यांची डावीच्या बोटांची टोकं गेलेली. मग उसाच्या चरकावर काम केलेले, त्यांची उजवीची. कुणाला अंगठा नाही, कुणाला दोन नाहीत. एकेक करून सगळा बाजार वर येत गेला. आमारोनेही हात वर केला. मला तो क्षणभर सापडेना, एवढे हात होते.

मी इतकी वर्षं फक्त एक बोट मोजत बसले होते, तू मोजत होतीस म्हणून. चरकाने बोट नेलं तेव्हा तू आलीस आणि त्याचा पट्टी बांधलेला हात बघून म्हणाली होतीस, 'मी दहा बोटांचं पोर तुझ्याकडे ठेवून गेले होते.' त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. काल ते हात बघून वाटलं, तू इथे हवी होतीस. तुला उत्तर म्हणून नाही. माझ्या शेजारी उभं राहायला.

सार्जंट हटला नाही. म्हणाला, उजव्या हाताचं मधलं बोट नसलेले पुढे या. तरी आठ-दहाजण निघाले. त्यात आमारो. आणि सार्जंटने बोट दाखवून तिबुर्सियोला म्हटलं, "तूही ये." तिबुर्सियोने हात पाठीमागे लपवला होता. चरकानेच घेतलंय त्याचंही, रखवालदार होण्याआधी. लोक बाजूला झाले, त्याला वाट करून दिली. विधवा आधी सिरिलला घातली, बसली. मग तिबुर्सियोला घातली. इदालिना, अशी बसली, अशी बसली की जशी त्याच्याचसाठी शिवली असावी. काळा झगा, डोक्यावर जाळी, आणि खाली तिबुर्सियोची मिशी.

हसू कुठून सुरू झालं कोण जाणे. पण मग ते थांबेना. पोती हसली, कोंबड्या ओरडल्या, किरीनो तोंडावर टोपी धरून हसला. तिबुर्सियो विधवा ओढून काढायला लागला तर ती निघेना, आणि झटकताना ती हात जोडायची. पुढच्या हातात घालून बघायला कुणी उरलंच नाही, रांग मोडली होती. आमारोपर्यंत विधवा पोचली नाही.

मी हसले नाही. माझ्या अंगात तेवढा जीव नव्हता. सार्जंट टेबल आवरता आवरता माझ्या जवळ आला. त्याचा आवाज आताही चढला नव्हता.

"सोमवारी सकाळी ठाण्यावर या, बाई. कर्नल का बदललात ते तुम्ही सांगणार, आणि कुणासाठी ते. मालकाला एक नाव लागतं. हसून ते टळत नाही."

हे पुलावरच्यांना ऐकू गेलेलं नाही. काल बाजार मोडल्यावर त्यांनी ट्रक बघणंही सोडलं, सगळे तिबुर्सियोची गोष्ट सांगण्यात गुंतले होते. आज नेलितो निघतो आहे. आमारोला घेऊन.

तो निघायला तयार नव्हता. मी त्याला सांगितलं, सोमवारी मी पुन्हा बिबियू उस्तादांचंच नाव सांगणार, सार्जंटला दुसरं काय मिळणार आहे. त्याने विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला असेल.

उस्तादांचं नाव आता चालणार नाही, हे तुला कळतं. पण कर्नल माझ्या हाताला बसला हे अख्ख्या बाजाराने बघितलं आहे. माझीच चूक, पण शिवण पक्की आहे. उद्या मी सांगणार आहे की पडद्यामागे मी होते. बायका पडद्यामागे बसत नाहीत, म्हणून तर कुणाला कळलं नाही, असं म्हणेन. आवाज काढून दाखव म्हणाला तर कर्नलचा आवाज काढेन, आमारोने माझ्या मशीनपाशी बसून इतका घोकलाय की मला पाठ आहे. विधवेतल्या कापसाचं विचारलं तर म्हणेन, जिचा नवरा गेला तिची छाती भरून दाखवावी लागते. बघू. मी शूर नाही, तुला माहीत आहे, मी अंधारात परसातही जात नाही. हे लिहिताना अक्षर कसं झालंय तेच बघ.

आमारोला यातलं काही सांगू नकोस. सांगितलंस तर तो मिळेल त्या ट्रकने उलटा येईल. नेलितो पुढच्या फेरीला तुझ्याकडे माझी खबर आणेल. त्याने आणली नाही तरी आमारोला सांगू नकोस, मावशी बरी आहे म्हण. मी नऊ वर्षं तुझ्या वतीने त्याला थाप मारली आहे, आई कामात आहे म्हणून पत्र येत नाही. आता एक तू मार.

त्याच्या गाठोड्यात एक झगा आहे, छिटाचा, लाल फुलांचा. डोकं तो तिकडे कोरेल. बाही खाली लावली आहे आणि कापूस नवा आहे.

दहा बोटांचं पोर ठेवून गेली होतीस, नऊ बोटांचं परत करते आहे. दार उघडशील तेव्हा आधी हात बघू नकोस. तोंड बघ. तुझ्यावर गेलंय.

ब्रिजिदा